राजाचा भारतीय बचाव

बुद्धिबळातील एक प्रारंभप्रकार. काळ्या बाजूने डावाच्या आरंभी पटाचा मध्य प्रतिस्पर्ध्यास व्यापू द्यावा व नंतर त्यावर हल्ला करावा, हे त्याचे मूलतत्त्व. देशी पद्धतीत प्यादे बहुधा एकच घर चाले, किल्लेकोट नसे आणि राजाला एकदाच घोड्याची उडी मारता येई. मुंबईत १८१४ मध्ये निघालेला त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा ग्रंथ म्हणूनच यूरोपीय पद्धतीस जुळवून घ्यावा लागला. कलकत्त्यास महेशचंद्र बॅनर्जी यांनी जॉन कॉक्रेन यांच्याशी १८५०च्या सुमारास खेळलेल्या डावांत या सावध मांडणीची पूर्वरूपे आढळतात. ‘भारतीय’ हे नाव त्यामुळे यथार्थ ठरते. १९४० नंतर ब्रॉनस्टाइन व बोलेस्लाव्हस्की यांनी या बचावास प्रतिष्ठा मिळवून दिली.

याच्या मार देल प्लाता उपप्रकारास अर्जेंटिनातील १९५३च्या स्पर्धेवरून नाव मिळाले; तेथे ग्लिगोरिच यांनी काळी मोहरी घेऊन नायडॉर्फ यांना हरविले. यात पांढरा आठव्या खेळीस वजीरापुढील प्यादे पाचव्या ओळीत नेतो आणि मध्य बंद होतो. मग प्यादी ज्या दिशेला रोखलेली असतात, त्या दिशेला ज्याने त्याने चढाई करावयाची असते. पांढरा वजीराच्या बाजूस उंटापुढील प्यादे रेटून ती पट्टी उघडतो व काळ्याच्या वजीरापुढील प्याद्यावर घोडा रोखतो. काळा राजाच्या बाजूची उंटापुढील व घोड्यापुढील प्यादी पांढऱ्या राजावर सोडतो. पांढऱ्याचे यश म्हणजे एखादे प्यादे. काळ्याचे यश म्हणजे मात. म्हणून एक खेळी वाया गेली तरी पांढऱ्यास ती अधिक महाग पडते.

काळ्याचा पांढऱ्या घरांतील उंट मूळ घरी निरुपयोगी भासतो. पण पांढऱ्या राजापुढील प्याद्यांवर अखेर तोच बळी द्यावयाचा असल्याने त्याची अदलाबदल करणे चूक होय. काळ्या घरांतील उंट मात्र स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडतो. त्याला मूळ घरी परत नेऊन प्यादे राखण्यास बसवितात व मोकळ्या झालेल्या घोड्याच्या पट्टीत हत्ती आणतात.

मध्य बंद न करता प्यादी मारामारी केल्यास डाव निरस होतो व पांढऱ्यास फारसा लाभ होत नाही. १९९० नंतर क्रामनिक यांनी नवव्या खेळीसच वजीराच्या घोड्यापुढील प्यादे दोन घरे पुढे टाकण्याची रीत कास्पारॉव्ह यांच्याविरुद्धही यशस्वीपणे वापरली. तीत पांढऱ्याची चढाई एका खेळीने लवकर सुरू होते. यावर काळा बहुधा आपला घोडा पटाच्या कडेस आणून पांढऱ्या राजाजवळचे घर गाठू पाहतो.