गेमला दहापैकी किती? चाहत्यांच्या रिव्ह्यूमधला आकडा नेमका काय सांगतो

रायगड जिल्ह्यातल्या दिघीहून होडीने जंजिऱ्याकडे निघालं की तटबंदीचा अखंड वेढा समोर येतो, पण आत शिरायची वाट काही दिसत नाही. महादरवाजा बुरुजांच्या आडोशाला असा बसवला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो लक्षातच येत नाही. आत गेल्यावर तोफा, पडके वाडे आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याचे तलाव. वाट शोधायची, धोका ओळखायचा, वर चढायचं आणि जाता जाता जागेची गोष्ट उलगडत न्यायची. हाच अनुभव कुणी पडद्यावर उभा केला आणि त्यात थोडी लढाई घातली, की त्याला ॲक्शन-ॲडव्हेंचर गेम म्हणतात.

असा गेम संपवून एखादा चाहता त्याला १० पैकी ७ देतो. हे सात नेमके कशाचे? लढाईचे, गोष्टीचे, की किल्ला सुंदर दिसला म्हणून? प्रश्न वरवर पोरकट वाटतो, पण या आकड्यावर कुणाच्या तरी महिन्याच्या पॉकेटमनीचा निर्णय होतो आणि कधी कधी गेम बनवणाऱ्यांच्या पगाराचाही.

चार विषय, निकाल एकच

गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचा रिव्ह्यू लिहिणं तुलनेने सोपं असतं. गाडी हातात नीट बसते का, वळणावर मजा येते का, एवढं पाहिलं की बरंचसं काम होतं. ॲक्शन-ॲडव्हेंचरची अडचण अशी की तो मुळातच मिश्र प्रकार आहे. १९८० च्या सुमारास अटारीवर आलेल्या ‘ॲडव्हेंचर’पासून हा प्रवाह सुरू झाला असं सहसा मानलं जातं. १९८६ मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ आणि १९९६ मध्ये ‘टूम रेडर’ने तो रुजवला. या गेममध्ये लढाई, भटकंती, कोडी आणि गोष्ट हे चारही विषय एकत्र येतात आणि एकातली उणीव दुसऱ्याने भरून निघते किंवा निघत नाही.

उदाहरण जंजिऱ्याचंच घेऊ. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किनारा आणि किल्ला यांच्यामधला समुद्र दगडमातीने भरून वाट करायचा प्रयत्न केला होता. त्यावर गेम निघाला आणि त्यात खेळणाऱ्याला तासभर भराव टाकायला लावलं, तर एक समीक्षक लिहील, ‘मधला भाग कंटाळवाणा’. दुसरा लिहील, ‘समुद्राशी झुंज म्हणजे काय ते इथे हाताला कळतं’. दोघेही खोटं बोलत नाहीत. दोघे वेगळ्या विषयाचा पेपर तपासत आहेत, इतकंच.

पुण्याची ‘राजी’ आणि दोन प्रामाणिक आकडे

हे कल्पनेतलं झालं. महाराष्ट्रात याचं खरं उदाहरण आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या स्टुडिओने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा ॲक्शन-ॲडव्हेंचर गेम बनवला. ऑगस्ट २०२० मध्ये तो निंटेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटर, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर. सर्कशीत कसरती करणारी राजी, राक्षसांनी पळवून नेलेला तिचा भाऊ गोलू, हातात दुर्गेचा त्रिशूळ आणि समोर महाबलासुर. गोष्ट सांगायला साक्षात दुर्गा आणि विष्णू.

स्टुडिओचा प्रवास सोपा नव्हता. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला. काम चालू ठेवण्यासाठी संस्थापकांपैकी एकाने घर विकल्याचं मुलाखतींमधून पुढे आलं. अखेर गेम बाहेर आला आणि २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम इंडी गेमसाठीच्या पाच नामांकनांत तो होता. पुरस्कार ‘फॅस्मोफोबिया’ला मिळाला.

रिव्ह्यू मात्र एकसुरी नव्हते. राजस्थानी धाटणीचे महाल, भिंतींवरची चित्रं, कळसूत्री सावल्यांसारखे कथाप्रसंग आणि संगीत यांचं जवळपास सगळ्यांनी कौतुक केलं. तक्रारीही बऱ्याच जणांच्या सारख्याच होत्या. लढाईत हात हवा तसा चालत नाही, कॅमेरा दूर आणि अडकलेला, कोडी सोपी आणि शेवट अर्ध्यावर तोडल्यासारखा.

आता समजा एका चाहत्याने या प्रकारच्या गेमला असे गुण दिले: जग आणि चित्रं ९, गोष्ट ७, लढाई ५, कॅमेरा आणि नियंत्रण ५. (हे गुण फक्त हिशेब समजण्यासाठी आहेत.) सरळ सरासरी निघते ६.५. पण ज्याला दृश्यं आणि गोष्ट महत्त्वाची, तो चित्रांना ४० टक्के, गोष्टीला ३० टक्के आणि उरलेल्या दोघांना १५-१५ टक्के वजन देईल. त्याचा आकडा ७.२ होतो. ज्याला लढाई हवी, तो तिला ४०, नियंत्रणाला ३० आणि चित्रं-गोष्टीला १५-१५ देईल. त्याचा आकडा ५.९. गेम तोच, प्रत्येक विषयातले गुणही तेच, तरी निकालात सव्वाहून अधिक गुणांचा फरक. बहुतेक चाहते ही वजनं कागदावर मांडत नाहीत, पण मनात ती असतातच. म्हणून चांगला रिव्ह्यू ओळखायची पहिली खूण हीच, की लिहिणाऱ्याला काय आवडतं ते आकड्याच्या आधी कळतं.

सत्तर टक्के म्हणजे फर्स्ट क्लास नव्हे

आपल्याकडे पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास आणि पंच्याहत्तरला डिस्टिंक्शन अशी शाळेपासूनची सवय. गेमच्या जगात ही पट्टी सरकलेली आहे. तिथे १० पैकी ७ म्हणजे ‘ठीक, सवलतीत मिळाला तर घ्या’ असा अर्थ लावला जातो आणि ५ म्हणजे जवळजवळ नापास. १ ते ५ हे आकडे क्वचितच वापरले जातात, त्यामुळे दहाची पट्टी प्रत्यक्षात चार-पाच गुणांचीच उरते. जपानच्या ‘फामित्सु’ मासिकाने वेगळी वाट धरली. तिथे चार जण प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि बेरीज चाळीसपैकी छापली जाते. तिथले पहिले चाळीसपैकी चाळीस १९९८ मध्ये ‘झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’ला मिळाले. चौघांचे वेगवेगळे आकडे शेजारी दिसत असल्याने मतभेद लपत नाहीत, हा या पद्धतीचा खरा फायदा.

८४ आणि ८५ मधला फरक

मेटाक्रिटिक या २००१ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळाने उलट केलं. निरनिराळ्या समीक्षकांचे गुण शंभराच्या पट्टीवर आणून त्यांची एक सरासरी काढली. ही सरासरीही साधी नसते, काही प्रकाशनांना जास्त वजन दिलं जातं आणि कुणाला किती ते जाहीर केलं जात नाही.

हा आकडा किती जड होऊ शकतो हे ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’च्या वेळी कळलं. २०१० च्या या गेमचा प्रकार थोडा वेगळा, पण गोष्ट बोलकी आहे. मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर स्टुडिओला बोनस, असा करार होता. गेमला मिळाले ८४. ही माहिती २०१२ मध्ये त्या गेमच्या चमूतले ख्रिस ॲव्हेलोन यांनीच सांगितली. एखाद्या समीक्षकाने घाईत दिलेला अर्धा गुण दुसऱ्या टोकाला कुणाच्या घरखर्चात जाऊन पोचतो, तो असा.

चाहत्यांचे गुण मेटाक्रिटिक वेगळे दाखवतं आणि तिथे निराळीच अडचण आहे. जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ आला तेव्हा समीक्षकांची सरासरी नव्वदीच्या पुढे होती. पहिल्या काही दिवसांत वापरकर्त्यांची मात्र दहापैकी चारच्याही खाली. इतका लांबलचक गेम संपवायलाही ज्यांना वेळ मिळाला नसेल अशांनी शून्याचा पाऊस पाडला होता. राग गेमपेक्षा कथेतल्या एका वळणावर आणि पात्रांवर होता. याला ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’ म्हणतात. त्यानंतर मेटाक्रिटिकने गेम आल्यावर ३६ तास वापरकर्त्यांचे रिव्ह्यू बंद ठेवायचा नियम केला.

९५ टक्के म्हणजे साडेनऊ नाही

कॉम्प्युटरवर गेम घेणारे बहुतेक जण स्टीमवर जातात. तिथे आकडा नाहीच. अंगठा वर किंवा अंगठा खाली, एवढंच. दुकानात दिसणारी टक्केवारी म्हणजे किती जणांनी अंगठा वर केला ते प्रमाण. यात मोठी गल्लत होते. शंभर जणांना एखादा गेम ‘बरा आहे, वेळ गेला’ इतकाच वाटला आणि शंभरांनीही अंगठा वर केला, तर त्याला १०० टक्के. दुसरा गेम सत्तर जणांना आयुष्यात विसरता येणार नाही असा वाटला आणि तीस जणांना अजिबात झेपला नाही, तर त्याला ७०. लोकांना किती आवडला हे टक्केवारी सांगत नाही, किती जणांना आवडला हे सांगते.

स्टीमची एक सोय मात्र चाहत्यांच्या रिव्ह्यूला वजन देते. प्रत्येक रिव्ह्यूशेजारी लिहिणाऱ्याने गेम किती तास खेळला ते दिसतं. दीड तासात लिहिलेला रिव्ह्यू आणि तीस तासांनंतरचा, यातला फरक वाचणाऱ्याला लगेच कळतो. शिवाय खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालेलं असेल तर स्टीम पैसे परत देतं. त्यामुळे ‘पहिल्या दोन तासांत काय हाती लागतं’ हे चाहत्याने लिहिलं, तर ते वाचणाऱ्याच्या थेट कामाचं असतं.

किनाऱ्यावरून खेळताना

मोठी समीक्षा बहुतेकदा महागडा कन्सोल, मोठा टीव्ही आणि वेगवान इंटरनेट असलेल्या खोलीत लिहिली जाते. दिघीसारख्या ठिकाणी तोच गेम मधल्या किमतीच्या फोनवर किंवा जुन्या लॅपटॉपवर उतरतो आणि तिथे प्रश्न बदलतात. डाउनलोडला किती जीबी डेटा गेला? तासाभरात फोन किती तापला? मध्येच लाइट गेली तर शेवटचं सेव्ह कुठलं? इंटरनेट नसताना गेम सुरू होतो का? या प्रश्नांची उत्तरं परदेशी रिव्ह्यूत सापडत नाहीत, आणि ती दिली की चाहत्याचा रिव्ह्यू व्यावसायिक रिव्ह्यूपेक्षा उपयोगी ठरतो. गुगल प्ले स्टोअरनेही नोव्हेंबर २०२१ पासून फोनवर दिसणारं रेटिंग देशागणिक वेगळं करायला सुरुवात केली. म्हणजे आपल्याला दिसणारे तारे भारतातल्याच वापरकर्त्यांचे.

दुसरी गोष्ट जागेच्या ओळखीची. २०१७ मधला ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ हा गाजलेला ॲक्शन-ॲडव्हेंचर गेम भारतात घडतो. नायिका पश्चिम घाटात होयसळांच्या अवशेषांतून गणपतीचा हस्तिदंत शोधते. परदेशी समीक्षकांनी तिथल्या हिरवाईचं भरभरून कौतुक केलं. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र आणखीही काही दिसतं. होयसळांची राजधानी हळेबीड घाटात नव्हे, तर घाटाच्या पूर्वेला पठारी मुलखात आहे. ही चूक म्हणून गुण कापायचे की कल्पनेची मुभा म्हणून सोडून द्यायचं, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण ही नोंद करू शकणारा वाचक-खेळाडू इथलाच असणार. जंजिऱ्यासारख्या जलदुर्गाचा एखादा टप्पा गेममध्ये आला, तर भरती-ओहोटीचं गणित नीट बसलंय का, हे दिघीचा चाहता पहिल्या पाच मिनिटांत सांगेल.

फुकट मिळालेला गेम

थोडे वाचक जमले की चाहत्यालाही कंपन्यांकडून गेमची मोफत प्रत मिळू लागते. ती घेणं गैर नाही, लपवणं गैर आहे. सोशल मीडियावर शिफारस करणाऱ्याने असा लाभ जाहीर केला पाहिजे, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. मोफत मिळालेली वस्तूही त्यात मोडते. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणलं, ते मुख्यतः रिव्ह्यू छापणाऱ्या संकेतस्थळांसाठी आहे आणि स्वेच्छेने पाळायचं आहे. स्टीमने तर २०१६ पासूनच, त्यांच्या दुकानाबाहेरून मिळालेल्या प्रतींवरचे रिव्ह्यू एकूण टक्केवारीतून वगळले.

जुना आकडा, नवा गेम

एक गोष्ट कोणत्याच सरासरीत बसत नाही. आजचे गेम प्रकाशित झाल्यानंतरही बदलत राहतात. ‘राजी’ची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये आली. ज्या लढाईवर सगळ्यांनी बोट ठेवलं होतं तीच तिच्यात दुरुस्त केली होती आणि पात्रांना हिंदी आवाजही दिला होता. पण २०२० मध्ये लिहिलेले रिव्ह्यू मेटाक्रिटिकच्या पानावर तसेच आहेत, कारण समीक्षक सहसा परत येऊन गुण बदलत नाहीत. स्टीम एकूण मताशेजारी अलीकडच्या रिव्ह्यूंचं मत वेगळं दाखवतं. त्यामुळे आज ‘राजी’ खेळून दोन ओळी लिहिणारा चाहता वर तारीख, आवृत्ती आणि कशावर खेळला एवढं टाकेल, तर सहा वर्षांपूर्वीच्या सातापेक्षा त्याचे सात वाचणाऱ्याला अधिक उपयोगाचे.