दोन मुखांची सोपारा खाडी

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील आपले बहुतेक धर्मग्राम एका जुन्या बेटावर वसलेले आहेत, हे आज सांगितल्याशिवाय कुणाच्या ध्यानी येत नाही. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीचे मुख म्हणजेच वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस ह्या दोन्ही मोठ्या पाण्यांना जोडणारी सोपारा खाडी. अलीकडे तिला 'नाला' म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती धोक्याची आहे. नाला बुजवला तरी चालतो, असे माणसाला वाटू लागते.

नदी एका मुखाने समुद्राला मिळते. सोपारा खाडीला मुखे दोन. भरतीचे पाणी दोन्ही टोकांनी आत शिरते व मध्ये कुठेतरी एकमेकांस भिडते. तेथे प्रवाहाचा वेग संपतो आणि गाळ तळाशी बसतो. ज्या शूर्पारक बंदरी सम्राट अशोकाचे लेख कोरले गेले आणि जेथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरून काढला, त्या बंदरापर्यंत आज गलबत जाईल असे पाणी उरलेले नाही.

ह्या खाडीचे पूर्वेकडील पाणलोट क्षेत्र तुंगारेश्वराच्या डोंगरापासून सुरू होते. डोंगर सुमारे ६५० मीटर उंच. वर्षाचा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. पश्चिम उतारावरचे ओढे थोडेच अंतर कापून सपाटीवर येतात. पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, तर अहमदाबाद महामार्ग आणि लोहमार्गाचा भराव दक्षिणोत्तर धावतात. त्यामुळे मोऱ्या व पूल जेवढी वाट देतील तेवढेच पाणी पुढे सरकते.

पुढे खाजणे, तिवरे आणि मिठागरे लागतात. खरी मेख येथेच आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर चढते. तेवढा वेळ खाडी रिकामी होऊ शकत नाही. डोंगरावरून आलेल्या पाण्याला थांबावेच लागते. पावसाळ्यात मीठ पिकत नाही, म्हणून मिठागरांचे वाफे ही त्याच्या थांबण्याची जागा. तेथे मातीचा भराव पडला की तेच पाणी वस्तीत थांबते. सनसिटी-गास रस्ता पाण्याखाली जातो तो ह्याच सखल पट्ट्यात. जुलै २०१८ मध्ये वसईच्या मिठागरातील शेकडो रहिवासी पाण्याने वेढले गेले, लोकलही बंद पडल्या.

खाडीच्या पश्चिमेस आपल्या वाड्यांत हेच काम बावखले करीत आली. येथील विहिरींचे गोडे पाणी डोंगराचे नव्हे. ते वाळूत मुरलेले पावसाचे पाणी असून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा वाढला की खारे पाणी वर चढते. टँकरने पाणी विकण्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो व हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, त्यामागे हाच भूगोल होता. बावखल बुजवणारा शेजारी केवळ स्वतःची जमीन वाढवीत नाही. त्यात मुरणारे पाणी तो रस्त्यावर, पर्यायाने दुसऱ्याच्या ओटीवर सोडतो.

खाडीकाठच्या कुटुंबांसाठी एक व्यवहाराची गोष्ट: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरतीचा कळस दुपारी बारा-एक आणि मध्यरात्रीच्या आसपास येतो, खाडीच्या आत थोडा उशिराने. त्या वेळी मुसळधार पाऊस असेल, तर ओहोटी चांगली लागेपर्यंत अंगणातले पाणी उतरत नाही.