दुखण्याच्या तारखा

कोकणातल्या घरात पाळीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरावर हमखास सापडतात. गौरी-गणपती जवळ आले की त्या मोजल्या जातात, पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्याही आणल्या जातात. आजार ओळखण्यासाठी मात्र या तारखांकडे क्वचितच कोणी पाहते.

रत्नागिरीत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना आलेल्या एक बाई आठवतात. सिझेरियनच्या व्रणाजवळ सुपारीएवढी गाठ. महिन्यातून चार दिवस ठणकायची, मग शांत. कोणी टाक्याचा दोरा म्हटले, कोणी हर्निया. कधी दुखते, असे विचारल्यावर त्या संकोचून म्हणाल्या, "अडचण असते तेव्हाच." गाठ काढून तपासली. एंडोमेट्रिओसिस निघाला.

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी भलतीकडे रुजतात आणि पाळीच्या चक्राबरोबर सुजतात, रक्त सोडतात. पाळीचे रक्त गर्भनलिकांतून उलटे पोटात जाते, हे कारण डॉ. सॅम्प्सन यांनी १९२७ साली मांडले. त्याच वर्षी र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केले. तरीही पाळीबद्दलचा आपला संकोच पुरता गेलेला नाही.

हा आजार बहुधा ओटीपोटात असतो. पण बेंबी, आतडी, मूत्रवाहिनी, क्वचित छातीतही आढळतो. पाळीच्या दिवसांत खोकल्यातून रक्त पडते किंवा छातीत हवा साठून दम लागतो, बहुधा उजव्या बाजूला. आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो. ती तपासणी करावीच. पण क्षय सापडला नाही आणि त्रास दरमहा येत असेल, तर तारखा पाहाव्यात. मूत्रवाहिनी दाबली गेली, तर फारसे न दुखताही मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

सोनोग्राफी, एमआरआय उपयोगी पडतात. पण सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे आजार नाहीच, असे नव्हे. खात्री गाठीचा तुकडा तपासूनच होते. व्रणातली गाठ भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह काढावी लागते. इतरत्र हार्मोनच्या गोळ्या, गरजेप्रमाणे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. गोळ्या थांबवल्या की त्रास परतू शकतो. मूल हवे असेल तर उपचारांची आखणी वेगळी करावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस असतो, आणि निदानाला अनेकदा वर्षे लागतात. तीन महिने पाळी आणि दुखणे यांची नोंद ठेवा, डॉक्टरांना दाखवा. आणि "बाईच्या जातीला एवढे सोसावेच लागते", असे घरातल्या मुलीला कोणी सांगू नये.