प्राण्यांवरील प्रयोग : कायदा काय सांगतो?

नवे औषध माणसाला देण्याआधी त्याची चाचणी बहुतेक वेळा उंदीर, ससे, कुत्रे, माकडे यांच्यावर होते. पहिले शील पाळणाऱ्याला हे खटकतेच. पण त्यावर बोलण्याआधी कायदा माहीत हवा.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० चे कलम १४ जीव वाचवणाऱ्या, वेदना कमी करणाऱ्या ज्ञानासाठी असे प्रयोग करू देते. त्यावर देखरेखीसाठी कलम १५ नुसार केंद्र सरकारची समिती आहे. १९९८ च्या नियमांमुळे प्रयोग करणाऱ्या संस्थेला तिच्याकडे नोंदणी करावी लागते आणि स्वतःची नैतिकता समिती नेमावी लागते. उंदरांसारख्या लहान प्राण्यांवरील प्रयोगांना संस्थेची समिती परवानगी देते. मोठ्या प्राण्यांसाठी केंद्रीय समितीची मान्यता लागते. शस्त्रक्रिया असेल तर भूल देणे अपेक्षित आहे.

मग त्रुटी कुठे? नियम मोडल्यास कलम २० नुसार दंड जास्तीत जास्त २०० रुपये! केंद्रीय समिती कलम १९ खाली प्रयोग बंद करू शकते, हाच खरा धाक. पण त्यासाठी आतून कोणीतरी प्रश्न विचारायला हवा.

संस्थेच्या समितीत विज्ञानक्षेत्राबाहेरची, सामाजिक भान असलेली एक व्यक्ती असावी लागते. ती जागा केवळ सहीपुरती राहू नये. 'प्राण्याशिवाय हे शक्य नव्हते का?' हा प्रश्न भाबडा नाही. २०२३ मध्ये औषध चाचणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी आणि संगणकावर आधारित पद्धतींनाही स्थान मिळाले आहे.

करुणा मनात हवी, तशी समितीच्या इतिवृत्तातही दिसली पाहिजे.