जे-१ व्हिसा: सुट्टीत घरी आलेल्या डॉक्टरला अमेरिकेत परत जाताना काय लागतं?

समजा, तळेगाव दाभाडेतल्या एका घरात डिसेंबरमध्ये लग्न आहे. नवरीचा भाऊ अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलमध्ये रेसिडेन्सी करतोय. त्याला दोन आठवड्यांची सुट्टी मंजूर झाली आहे. त्याचं तिथलं राहणं, काम करणं सगळं कायदेशीर आहे. फक्त पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत ऑक्टोबरमध्ये संपली आहे.

तो लग्नाला येऊ शकतो का? नक्कीच येऊ शकतो. पण दोन आठवड्यांनी तो परत ड्युटीवर हजर होऊ शकेल का, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. असं का होतं आणि तिकीट काढण्याआधी काय तपासायला हवं, ते समजून घेऊया.

जे-१ व्हिसा कुणाला मिळतो?

जे-१ हा 'एक्स्चेंज व्हिजिटर' म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमाखाली येणाऱ्यांचा व्हिसा. १९६१च्या एका अमेरिकन कायद्यातून हा कार्यक्रम उभा राहिला. संशोधक, प्राध्यापक, विद्यार्थी, कंपन्यांमधले प्रशिक्षणार्थी आणि रेसिडेन्सी किंवा फेलोशिप करणारे डॉक्टर त्यात येतात.

शिकायला या, शिका आणि ते ज्ञान घेऊन मायदेशी जा, ही त्यामागची मूळ कल्पना. तळेगावला ती नवी नाही. १९०८मध्ये इथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तेव्हा तो चालवायला ईश्वरदास वार्ष्णेय आले होते. जपान आणि अमेरिकेत काच बनवण्याचं तंत्र शिकून ते परतले होते. आज याच गावात मायमर वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर शेजारी चाकणपर्यंत पसरलेला कारखान्यांचा पट्टा. त्यामुळे डॉक्टर असो वा इंजिनिअर, जे-१ हा शब्द इथल्या घरांना अनोळखी राहिलेला नाही.

डॉक्टरांच्या बाबतीत या व्हिसाची प्रायोजक संस्था एकच आहे. तिचं नाव ईसीएफएमजी. ती आता इन्टेल्थ या संस्थेचा भाग आहे आणि तिचं मुख्यालय फिलाडेल्फियात आहे.

व्हिसा संपला म्हणजे मुक्काम बेकायदा झाला का?

नाही. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

पासपोर्टवरचा व्हिसा हा फक्त अमेरिकेच्या दारात उभं राहण्याचा परवाना आहे. आत गेल्यावर किती दिवस राहता येईल, हे दुसऱ्या दोन कागदांवर ठरतं. एक म्हणजे प्रायोजक संस्थेने दिलेला डीएस-२०१९ हा फॉर्म. दुसरा म्हणजे प्रवेशाच्या वेळी तयार होणारी आय-९४ ही नोंद. जे-१ धारकांच्या आय-९४वर साधारणपणे तारखेऐवजी 'डी/एस' असं लिहिलेलं असतं. म्हणजे कार्यक्रम नियमाप्रमाणे सुरू असेपर्यंत राहण्याची मुभा. ही पद्धत बंद करून ठरावीक तारीख देण्याचा प्रस्ताव अमेरिकेने ऑगस्ट २०२५मध्ये मांडला होता.

म्हणूनच व्हिसा संपलेला डॉक्टर अमेरिकेत निर्धास्तपणे काम करू शकतो. देशाबाहेर पाऊल टाकलं की मात्र परत येताना त्याला नवा स्टँप लागतो. जे अमेरिकेतच दुसऱ्या व्हिसावरून जे-१मध्ये बदलले, त्यांच्या पासपोर्टवर तर जे-१चा स्टँपच नसतो. पहिल्यांदा बाहेर पडल्यावर त्यांनाही कॉन्सुलेट गाठावं लागतं.

परत जाताना कोणते कागद लागतात?

पहिला, मुदत असलेला पासपोर्ट. किमान सहा महिने शिल्लक असलेले बरे.

दुसरा, मुदत असलेला जे-१ व्हिसा.

तिसरा, चालू डीएस-२०१९ आणि त्यावर प्रायोजक संस्थेच्या जबाबदार अधिकाऱ्याची प्रवासासाठीची सही. ही सही जास्तीत जास्त एक वर्ष चालते. अल्पकालीन संशोधकांसाठी ती मुदत सहा महिने, तर उन्हाळी काम आणि शिबिरांच्या कार्यक्रमांसाठी चार महिने आहे. फॉर्मची मुदत त्याआधी संपत असेल, तर सहीही तिथेच संपते.

रेसिडेन्सी करणाऱ्यांना हा फॉर्म एका वेळी एकाच वर्षाचा मिळतो आणि नवं वर्ष बहुतेक ठिकाणी १ जुलैच्या सुमारास सुरू होतं. त्यामुळे जूनअखेरीस घरी येणाऱ्याने पुढच्या वर्षाचा फॉर्म हाती आल्याशिवाय निघू नये.

चौथा, सेव्हिस शुल्क भरल्याची पावती आणि हॉस्पिटल किंवा विद्यापीठाचं, काम सुरू असल्याचं पत्र.

पती, पत्नी किंवा मुलं जे-२ व्हिसावर असतील, तर प्रत्येकाचा डीएस-२०१९ वेगळा असतो. त्या प्रत्येकावर सही हवी. आईच्या फॉर्मवर सही आहे आणि बाळाच्या फॉर्मवर नाही, अशी चूक सहज होते.

भारतात नवा स्टँप मिळायला किती वेळ लागतो?

याचं ठाम उत्तर नाही, आणि खरी जोखीम हीच आहे.

आधी ऑनलाइन डीएस-१६० अर्ज आणि १८५ डॉलर शुल्क. मग दोन अपॉइंटमेंट: एक व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटोसाठी, दुसरी कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीसाठी. तळेगावकरांसाठी जवळचं कॉन्सुलेट मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. एक्सप्रेस वेने तिथे पोहोचणं सोपं, मुलाखतीची तारीख मिळणं अवघड. मुलाखतीनंतर पासपोर्ट स्टँपसाठी ठेवून घेतात, म्हणजे तो परत मिळेपर्यंत विमानात बसता येत नाही.

२०२५मध्ये ही वाट आणखी अरुंद झाली. मेअखेरीस अमेरिकेने विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं थांबवलं. जूनमध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, पण अर्जदारांनी आपली सोशल मीडिया खाती सर्वांना दिसतील अशी ठेवावीत, अशी अट आली. १ जुलैला रुजू व्हायचं होतं अशा डॉक्टरांचे ते दिवस फार तणावात गेले.

२ सप्टेंबर २०२५पासून मुलाखतीतून मिळणारी सूट बहुतेकांसाठी बंद झाली. पूर्वी काही जणांचं नूतनीकरण फक्त कागद जमा करून होत असे. आता जे-१ साठी समोर जावंच लागतं. त्याच महिन्यात दुसरी सूचना आली: व्हिसासाठी अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा. त्यामुळे भारतात तारीख मिळत नाही म्हणून तिसऱ्याच देशात जाऊन स्टँप घेण्याचा मार्गही आक्रसला.

डिसेंबर २०२५मध्ये सोशल मीडियाची तपासणी एच-१बी व्हिसालाही लागू झाली, तेव्हा भारतातल्या अनेक मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. सुट्टीवर आलेले कितीतरी लोक इथेच अडकले. तो व्हिसा वेगळा असला, तरी धडा सारखाच आहे: हातातली तारीखसुद्धा बदलू शकते.

मुलाखत झाल्यावर 'अधिक तपासणी' म्हणून अर्ज रोखला गेला, तर त्याला ठरलेली मुदत नसते. रेसिडेन्टची सुट्टी वर्षाला जेमतेम तीन-चार आठवड्यांची. ती उलटून गेली तर प्रशिक्षणाचे दिवस वाया जातात आणि वर्ष लांबू शकतं. इकडे त्याची ड्युटी सहकाऱ्यांना वाटून घ्यावी लागते.

कॅनडाला जाऊन आलं तर?

संपलेल्या व्हिसावरही एक सवलत आहे. कॅनडा, मेक्सिको किंवा जवळच्या काही बेटांवर ३० दिवसांपेक्षा कमी काळ राहून परतणाऱ्या जे-१ धारकाला नवा स्टँप लागत नाही. आय-९४ आणि सही केलेला डीएस-२०१९ मात्र चालू हवा. तिथे असताना नव्या व्हिसासाठी अर्ज केला, तर ही सवलत जाते. भारताच्या फेरीला ती मुळीच लागू नाही. म्हणून काही कुटुंबं उलटा विचार करतात: मुलाने यायच्या ऐवजी आईवडीलच पर्यटक व्हिसावर जाऊन भेटतात.

दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट प्रवास अडवते का?

नाही. ही अट असलेला माणूसही कितीही वेळा घरी येऊन परत जाऊ शकतो. ती अडवते ते पुढचं पाऊल. एकूण दोन वर्षं मायदेशात राहिल्याशिवाय किंवा सूट मिळाल्याशिवाय एच किंवा एल व्हिसा आणि ग्रीन कार्ड मिळत नाही.

९ डिसेंबर २०२४ला अमेरिकेने आपल्या 'कौशल्य यादी'तून भारताचं नाव काढलं. त्यामुळे केवळ त्या यादीमुळे ही अट लागलेल्या भारतीयांची सुटका झाली. पण रेसिडेन्सी करणाऱ्या डॉक्टरांना आणि सरकारी पैशावर गेलेल्यांना ती अजूनही आहे. डॉक्टरांची कमतरता असलेल्या भागात तीन वर्षं सेवा देऊन त्यातून सूट मिळू शकते. अशा योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा असतात.

अशी सूट घेऊन अमेरिकेतच एच-१बीमध्ये बदलण्याचा अर्ज केला असेल, तर निकाल येण्याआधी देश सोडू नये. बाहेर पडताच तो अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो.

कार्यक्रम संपल्यावर मिळणाऱ्या ३० दिवसांचं काय?

ते सामान आवरायला आणि फिरायला असतात, पण अमेरिकेच्या आतच. त्या काळात बाहेर गेल्यास जुन्या कार्यक्रमावर परत येता येत नाही.

विमानतळावर काय होतं?

व्हिसा असला तरी प्रवेशाचा शेवटचा निर्णय सीमेवरच्या अधिकाऱ्याचा असतो. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांची ही तपासणी तिथेच होऊ शकते. म्हणून सगळे मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवावेत. डीएस-२०१९वर सही नसेल, तर अधिकारी ३० दिवसांपुरता प्रवेश देऊन कागद पूर्ण करायला सांगू शकतो. पण ती त्याची मर्जी, प्रवाशाचा हक्क नाही. आत पोहोचल्यावर आय-९४ ऑनलाइन उघडून त्यावर 'जे-१' आणि 'डी/एस' बरोबर आहे का, ते त्याच दिवशी पाहावं.

तिकीट काढण्याआधी

परतीच्या दिवशी व्हिसा चालू असेल का? डीएस-२०१९ची मुदत आणि सही दोन्ही टिकतील का? कुठला अर्ज अर्धवट आहे का? व्हिसा संपलेला असेल, तर मुंबईतली मुलाखतीची तारीख हाती आहे का? आणि पासपोर्ट अडकला, तर हॉस्पिटल किती दिवस सांभाळून घेईल? हा शेवटचा प्रश्न प्रोग्राम संचालकांना निघण्याआधीच विचारून ठेवावा. नियम बदलत असल्याने प्रायोजक संस्थेकडूनही त्या आठवड्याची स्थिती विचारून घ्यावी.

घरच्यांनीही एक करावं. लग्नाची तारीख ठरवतानाच त्याला व्हिसाची तारीख विचारावी.