अठ्ठावन्न दिवस ते सोळा तास

कल्याणच्या जोशी घराण्यातली यमू, म्हणजे पुढच्या डॉ. आनंदीबाई, ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याला बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. तिथून त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी त्यांच्या यजमान कार्पेंटरबाईंच्या घरी गेल्या. रोझेलपासून नेवार्कचा विमानतळ हाकेच्या अंतरावर. आज कल्याण-डोंबिवलीतल्या किती घरांतली मुलं तिथे उतरत असतील! मुंबईहून हे अंतर साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमान सोळाएक तासांत पोचतं.

अठ्ठावन्न दिवसांचे तास झाले, पण ही काटछाट शेवटच्या साठ वर्षांतली नव्हे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ विमान कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. १४ मे १९६० पासून बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. त्या जेटचा वेग होता ताशी नऊशे किलोमीटरच्या पुढे. आजच्या विमानांचाही साधारण तेवढाच आहे. पुढे जे तास वाचले, ते मधले थांबे गळाल्यामुळे. जास्त इंधन घेऊन, कमी जाळत जाणारी विमानं आल्यामुळे.

मार्गही नकाशावर दिसतो तसा नसतो. पृथ्वीगोलावर मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात दोरा ताणून धरला तर तो अरबी समुद्र, युरोप असा न जाता सरळ उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो. लांबी साडेतेरा हजार किलोमीटर.

आणि तरी सर्वांत जवळचा रस्ता सर्वांत लवकर पोचवेलच असं नाही. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाहाचे जोरदार वारे वाहतात. म्हणून अमेरिकेला जाताना वेळ जास्त, परतताना कमी. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे चौदाशे किलोमीटरने वाढून १५,३०० वर गेलं. पण वारा पाठीशी असल्याने प्रवास साडेचौदा तासांवर आला, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तासांनी लवकर.

वाऱ्याने दिलेलं राजकारण काढून घेतं. फेब्रुवारी ते जुलै २०१९ आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं. वळसा पडला, आणि उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं. साठ वर्षांत गाळलेला थांबा असा परत आला.

डोंबिवलीकराच्या हिशेबात मात्र आणखी एक आकडा असतो, जो तिकिटावर छापलेला नसतो. सहारच्या विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, आणि त्याआधी शिळफाटा किंवा ऐरोलीच्या कोंडीसाठी दोन तास हाताशी ठेवायचे. साडेबारा हजार किलोमीटरना सोळा तास, तर घरापासून विमानात बसेपर्यंतच्या जेमतेम चाळीस किलोमीटरना पाच.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याकडे या नजरेने पाहायला हवं. आकाशातला वेग १९६० पासून अडला आहे, मार्ग वारा आणि शेजारी देश ठरवतात. यांतलं काहीच आपल्या हातात नाही. शीळचा रस्ता, लोकल आणि मेट्रो मात्र आपल्या हातात आहेत. कल्याण-डोंबिवलीहून अमेरिकेचा पुढचा तास वाचलाच, तर तो जमिनीवरच वाचेल.