गुण समान, मग पुढे कोण?

धानाची कापणी-मळणी आटोपली, की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील गावांतून कबड्डीचे सामने रंगू लागतात. समजा, अशा एका स्पर्धेत चंद्रपूरने मूलला हरविले, मूलने ब्रह्मपुरीला हरविले आणि ब्रह्मपुरीने चंद्रपूरला. बाकीच्या सर्व संघांवर या तिघांनीही जय मिळविला. गुणतक्त्यात तिघे एकाच पायरीवर उभे. अंतिम सामन्यात जागा मात्र एकालाच. ती कोणाला द्यावयाची?

दोघांचीच बरोबरी असती, तर प्रश्न सोपा होता. परस्परांच्या सामन्यात जो जिंकला तो पुढे, हे कोणालाही पटेल. तिघांच्या बाबतीत हाच न्याय लावू गेले, की तो घाण्याच्या बैलाप्रमाणे फिरून पुन्हा जागच्या जागी येतो.

ही केवळ कल्पनेतील अडचण आहे असे समजू नये. अमेरिकेत महाविद्यालयांचे फुटबॉल संघ निरनिराळ्या मंडळांत विभागलेले असतात. त्यांस तिकडे कॉन्फरन्स म्हणतात. हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे, तर चेंडू हाती घेऊन धावण्याचा. २००८ साली ‘बिग ट्वेल्व्ह’ नावाच्या मंडळाच्या दक्षिण विभागात टेक्ससने ओक्लाहोमाला ४५-३५ असे हरविले. पुढे टेक्सस टेकने टेक्ससला ३९-३३ असे नमविले, आणि तेही सामना संपण्यास एक सेकंद उरला असता. मग ओक्लाहोमाने टेक्सस टेकचा ६५-२१ असा धुव्वा उडविला. मंडळातील आठ-आठ सामन्यांत तिघांचेही सात विजय आणि एक पराभव. नियमपुस्तकातील एकामागून एक कलमे लावून पाहिली, तरी गाठ सुटेना. शेवटचा उपाय होता तो राष्ट्रीय क्रमवारीचा: त्या क्रमवारीत जो वर, तो पुढे. ओक्लाहोमा दुसरा होता आणि टेक्सस तिसरा. ओक्लाहोमा पुढे गेला, आणि ज्याने त्याला हरविले होते तो टेक्सस घरी बसला.

ही क्रमवारी निघत असे ती काही अंशी जाणकारांच्या मतांवरून व काही अंशी संगणकांच्या हिशेबावरून. विजय किती मोठा होता हे संगणकांनी पाहू नये, असा दंडक होता. परंतु मत देणाऱ्या माणसांनी ६५-२१ हा आकडा डोळ्यांआड कसा करावा? याहून मौजेची गोष्ट अशी, की साउथईस्टर्न या दुसऱ्या मंडळाचा त्या वेळचा नियम वेगळा होता. तिघांच्या बरोबरीत क्रमवारीतील वरचे दोन संघ एकमेकांच्या निकट असतील, तर त्या दोघांतील सामन्याचा निकाल पाहावा, असे तो सांगे. तो नियम येथे असता, तर टेक्सस पुढे गेला असता. संघ तेच, सामने तेच, आकडेही तेच. केवळ एका कलमाच्या फरकाने विजेता बदलला असता. बरोबरी सोडविणारा नियम हे निव्वळ गणित आहे असे आपण समजतो. वस्तुतः श्रेष्ठ कोणास म्हणावे याची ती एक व्याख्याच असते, आणि ती खेळ सुरू होण्यापूर्वी कोणीतरी टेबलापाशी बसून ठरविलेली असते.

क्रिकेटकडे वळू. एक दिवसाच्या सामन्यांच्या २०१९ च्या विश्वचषकात न्यूझीलंड व पाकिस्तान यांचे प्रत्येकी अकरा गुण झाले, विजयही पाच-पाच. परस्परांच्या सामन्यात पाकिस्तान सहा गडी राखून जिंकला होता. तरी उपांत्य फेरीत गेला न्यूझीलंड, कारण तेथे समान विजयांनंतर पाहिली जाते ती धावगती. आपण दर षटकामागे किती धावा काढल्या, त्यांतून समोरच्यांनी किती काढल्या हे वजा करावयाचे. त्यातील मेख अशी, की संघ सर्वबाद झाला तर त्याने सगळी पन्नास षटके खेळली असेच धरतात. पाकिस्तान पहिल्याच सामन्यात वेस्ट इंडीजविरुद्ध एकवीस षटके व चार चेंडूंत १०५ धावांत कोसळला होता. हिशेबात ती गती दर षटकाला अवघी २.१० धरली गेली. उलट वेस्ट इंडीजने त्या धावा चौदा षटकेही पुरी न घेता काढल्या. त्या एका दुपारचे ओझे पाकिस्तानला अखेरपर्यंत उतरविता आले नाही. माझ्या मते हा नियम काहीसा निष्ठुर आहे. एका वाईट दिवसाची शिक्षा तो सबंध महिनाभर वसूल करतो.

आता आपल्या घरची गोष्ट. मार्च १९४९ मध्ये पुण्यास मुंबई व महाराष्ट्र यांच्यात रणजी करंडकाचा उपांत्य सामना झाला, तो निकाल लागेपर्यंत खेळला गेला. सात दिवस चालला, दोन्ही संघांच्या मिळून २,३७६ धावा झाल्या आणि मुंबई ३५४ धावांनी जिंकली. तेथे बरोबरीचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो खेळाडूंच्या पायांतील बळाचा! आज दिवस मोजके असतात, आणि बाद फेरीतील सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो विजयी. साखळीतही निर्णायक विजयाला सहा गुण, नुसत्या आघाडीला तीन आणि पिछाडीला एक.

२०२५ साली या नियमाने जे घडविले ते नाटककारालाही सुचले नसते. उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरच्या २८० धावांना केरळने २८१ धावांनी उत्तर दिले. शेवटच्या जोडीने ८१ धावा जोडल्या, आणि सामना अनिर्णित राहूनही त्या एका धावेवर केरळ पुढे गेला. उपांत्य सामन्यात केरळच्या ४५७ धावा, गुजरातच्या ४५५. गुजरातच्या अखेरच्या फलंदाजाने मारलेला चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावर आपटून उडाला आणि स्लिपमध्ये झेलला गेला. पाच-पाच दिवसांच्या दोन सामन्यांत मिळून तीन धावांची आघाडी, आणि संघ अंतिम फेरीत!

तेथे गाठ पडली विदर्भाशी, नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर. विदर्भाने आधीच्या दोन फेऱ्यांत तमिळनाडूला १९८ आणि मुंबईला ८० धावांनी, म्हणजे निर्विवाद हरविले होते. पहिल्या डावात विदर्भाने ३७९ धावा केल्या. त्यांत दानिश मालेवारच्या १५३. केरळचे कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद झाले आणि डाव ३४२ वर आटोपला. आघाडी सदतीस धावांची. पुढे विदर्भाला जिंकण्याची घाई करण्याचे कारणच उरले नाही. करुण नायरने १३५ धावा काढल्या, आणि पाचव्या दिवशी खेळ थांबला तेव्हा विदर्भाचे नऊ गडी बाद ३७५ झाले होते, डाव अजून चालूच होता. प्रेक्षकांपैकी काहींना हे रटाळ वाटले असेल. परंतु दोष द्यावयाचा तर तो नियमाला द्यावा. विदर्भाचा तो तिसरा रणजी करंडक. सामना पाच दिवस चालला खरा, पण करंडक कोणाकडे झुकला ते तिसऱ्या दिवशी सायंकाळी, केरळचा शेवटचा गडी बाद झाला तेव्हाच दिसू लागले होते.